एका पानाची अट

शनिवार, १४ सप्टेंबर १९९६, सकाळी अकरा. संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरची सभेची खोली. हजर: संचालक, कर्करोगाच्या प्रयोगशाळेचे प्राध्यापक, ज्या इस्पितळाबरोबर आमचं काम चालायचं तिथले एक सर्जन, इतिवृत्त लिहायला मी, विद्यार्थी विभागाची अधीक्षक. आणि दारात उभ्या असलेल्या अक्का, ज्यांच्या देणगीसाठी ही सभा होती.

बसा म्हटलं तरी अक्का लगेच बसत नसत. एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि खोलीत कोण कोण आहे ते नजरेनं टिपून झालं की मग शेवटच्या खुर्चीच्या कडेवर. त्या दिवशी संचालकांचं वाचन संपेपर्यंत त्या उभ्याच होत्या. कर्करोगावर पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थ्याला तीन वर्षांचा आधार, निवड कशी करायची, अर्ज कुठे पाठवायचा, सगळं वाचून झालं. सर्जननी टेबलावर हलकी थाप मारून पसंती दिली. मग दारातून आवाज आला.

"हे सगळं सरी. खरं पुढं काय झालं, ते आमच्या लोकांना कोण सांगणार?"

अक्का निपाणीकडच्या. त्यांच्या मराठीत 'पण'च्या जागी 'खरं' यायचं आणि 'ठीक'च्या जागी कन्नड 'सरी'. 'पुढं काय झालं?' हे मात्र त्यांचं स्वतःचं. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केलं की त्या म्हणत, "कायम केलंत ते चांगलं केलंत. पुढं काय झालं?" संचालक हसत आणि माझ्याकडे बघत, जणू उत्तर माझ्या वहीत असावं. रिक्षावाल्यानं मुलीच्या लग्नाची गोष्ट अर्धी सोडली, तर घर आलं तरी अक्का उतरत नसत. "मुंदे एनायितु?" असं त्याला कन्नडमध्ये विचारून, मुलगी सासरी नांदायला लागेपर्यंत रिक्षात बसून राहत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण गोष्ट मिटवून फाइल बंद करतो, आणि ती माणसं फायलीत बोट घालून उभी राहतात.

अक्कांनी चौतीस वर्षं इस्पितळाच्या नोंदणी विभागात काढली. ऑपरेशन होऊन, लाइट म्हणजे किरणांचा उपचार घेऊन पेशंट गावी गेला, की सहा महिन्यांनी त्याला जोडकार्ड पाठवायचं, हे त्यांचं काम. कार्डाच्या एका अर्ध्यावर आपला मजकूर: आपण बरे असाल, दुखणं परत आलं आहे का, जेवण जातं का. दुसरा अर्धा फाडून पेशंटनं उत्तर लिहायचं आणि टपालात टाकायचं. चिक्कोडी, हुक्केरी, रायबाग, अथणी. तंबाखूच्या मुलखातली, तोंडाच्या आणि घशाच्या गाठींची माणसं. अक्का मराठीतही लिहायच्या आणि कन्नडमध्येही.

उत्तरांच्या गोष्टी त्या सांगायच्या. "मी बरा आहे. मिरच्या पाठवतो," असं एकानं लिहिलं आणि आठवड्यानं खरोखरच पोतं आलं. पूर्ण विभाग दोन दिवस शिंकत होता. एका बाईनं लिहिलं, "ते गेले. कार्ड पाठवलंत, आभार." एवढंच.

आणि एक गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली. एका विणकराकडून चार वर्षं न चुकता उत्तर यायचं: बरा आहे, जेवण जातं. पाचव्या वर्षी त्याच्या गावचा दुसरा पेशंट आला, तेव्हा कळलं की विणकर पहिल्याच वर्षी गेला होता. कार्डं त्याची बायको लिहीत होती. कारण विचारायला अक्कांनी त्या माणसाबरोबर निरोप धाडला. बाईनं कळवलं, मेले म्हटलं तर तुमची कार्डं बंद होतील.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"पाठवत राहिले. नोंदीत गेलेल्याचं तांबडं टिंब दिलं आणि कार्ड पाठवत राहिले. तिला दुसरं कोण विचारत होतं?"

मी नियमानं चालणारी बाई. इस्पितळाच्या टपालखर्चात हे कसं बसवलं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही, एवढं चांगलं केलं.

अक्कांचं लग्न झालं नव्हतं. यशवंतपूरच्या बाजारामागे दोन भाड्याच्या खोल्या, जिन्यात लसणाच्या पोत्यांचा वास. नोकरीत असताना त्यांना सोडतीत इंदिरानगरला एक साईट मिळाली होती. बंगळुरात साईट म्हणजे माणसाचं अर्धं नशीब. लोक त्यावर घर बांधतात, वर मजला चढवतात, तो भाड्यानं देतात. अक्कांनी पंचवीस वर्षांत तिच्यावर एक नारळाचं झाड तेवढं लावलं आणि निवृत्त झाल्यावर ती विकून सगळे पैसे आमच्या संस्थेला दिले. पुरस्काराला कुणाचं नाव द्यायचं, असं संचालकांनी विचारलं.

"नाव कशाला? तुमच्या नळ्यांवर कुठं कुणाचं नाव असतंय? नंबरच असतोय की."

त्यांना हवी होती ती एक अट. विद्यार्थ्यानं दर वर्षाच्या शेवटी एक पान लिहायचं. साध्या मराठीत नाहीतर कन्नडमध्ये. ज्या पेशंटांच्या अंगातले तुकडे त्यानं संशोधनाला घेतले, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना समजेल असं. त्या तुकड्यांचं काय केलं, त्यातून काय निघालं. पान एकच.

"रिझल्ट छापून यायच्या आधी बाहेर सांगता येत नाहीत, अक्का," प्राध्यापक म्हणाले.

"छापायचं ते तुम्ही छापा. मी आमच्या लोकांचं म्हणतेय. गेली चौतीस वर्षं ते मला विचारतात, अक्का, तो तुकडा घेतला होता त्याचं काय झालं? काही उपयोग झाला का? मी काय सांगू? कुणी मलाच सांगितलं नाही."

मग संचालक म्हणाले, एक पानच आहे, घाला. मी ते कलम सात म्हणून घातलं.

पहिला पुरस्कार शुभदाला मिळाला. नागपूरची मुलगी, हुशार, घाईची, डबा उघडून प्रयोगशाळेच्या पायरीवरच जेवणारी. मराठी येते म्हणून अक्कांना तिचा कोण आनंद. तोंडाच्या गाठींचे ताजे तुकडे गोळा करून अतिथंड फ्रीझरमध्ये साठवायचे आणि पुरेसे जमले की एकदम तपासायचे, असं तिचं काम होतं. अक्का निवृत्त असूनही आठवड्यातून तीन दिवस इस्पितळाच्या व्हरांड्यात तिच्याबरोबर बसायला लागल्या. पेशंटची समजूत घालणं हे शुभदाला जमायचं नाही. ती 'टिश्यू' म्हणायची आणि माणसं घाबरायची.

अक्का त्यांच्या शेजारी बसायच्या. "गाठ तर काढणारच आहेत. त्यातला नखाएवढा तुकडा ही पोरगी मागतेय. शिकायला. देणार?"

"तुम्ही सांगताय म्हणून देतो, अक्का. पण कळवा हं."

"कळवणार. मी आहे ना."

हे 'मी आहे ना' मी स्वतः ऐकलं आहे. एकदा सह्यांचे कागद घ्यायला गेले होते तेव्हा. प्रत्येकाचं नाव-पत्ता अक्का लांब वहीत उतरवून घ्यायच्या. तोंडाला पट्टी बांधलेला एक म्हातारा बोलू शकत नव्हता. त्यानं आपलं गाव बोटानं त्यांच्या तळहातावर लिहिलं.

आता मला जे सांगायचं आहे ते.

आपण खंडेनवमी म्हणतो ती बंगळुरात आयुधपूजा, आणि मोठी असते. कारखाना असो, बस असो, शिंप्याचं मशीन असो, सगळं पुसून, कुंकू लावून, हार घालून ठेवायचं. त्या दिवशी कुठलंही हत्यार चालवायचं नाही. आमच्या संस्थेतही हे होई. शास्त्रज्ञ लोक हसत, पण आपल्या सूक्ष्मदर्शकाला हार लहान आला तर रुसत. व्यवस्था माझ्याकडे. अशी कामं आपोआप माझ्याकडे येतात, कारण मी यादी करते.

सत्त्याण्णव साली आयुधपूजा शुक्रवारी आली. शनिवारी दसरा, मग रविवार. म्हणून पूजा गुरुवारी दुपारीच उरकायची ठरली. मी नेहमीप्रमाणे परिपत्रक काढलं: चार वाजेपर्यंत सर्व उपकरणं बंद करून, पुसून, पूजेस तयार ठेवावीत, यादी सोबत. यादी मी डेड स्टॉकच्या, म्हणजे संस्थेच्या कायम वस्तूंच्या, वहीवरून उतरवली. नंबर, उपकरण, खोली, आणि पुढे खूण करायला चौकोन. मागच्या वर्षीचीच यादी होती. फक्त शेवटी एक ओळ नवीन घातली. जुलैत आलेला अतिथंड फ्रीझर. नवीन वस्तू यादीतून राहू नये, असं माझ्या मनात होतं. हार मोजून आणायचे होते.

शुभदा बुधवारीच नागपूरला गेली होती. प्रयोगशाळेतला जुना तंत्रज्ञ रजेवर होता. परिचर मुनियप्पा निवृत्तीला आलेला, सरळ माणूस. त्यानं यादी हातात घेतली आणि एकेक नंबर बंद करत, पुसत, कुंकू लावत गेला. मी चार वाजता फेरी मारली. सगळीकडे झेंडू, चुरमुरे, उंबऱ्यावर फोडलेला कोहळा. फार छान दिसत होतं. मी मुनियप्पाला तसं म्हणालेसुद्धा.

सोमवारी सकाळी प्राध्यापकांनी मला बोलावून नेलं. फ्रीझरच्या दारावर कुंकवाची तीन बोटं होती. हार सुकून काळा पडला होता. खाली पाणी. ते पाणी मुनियप्पा फडक्यानं पुसत होता, आणि मला बघून उठला. हातातली यादी त्यानं पुढे केली.

"मेडम, लिस्टनल्लि इत्तल्ला," तो म्हणाला. यादीत होतं ना.

होतं. शेवटच्या ओळीत. समोरच्या चौकोनात व्यवस्थित खूण.

नऊ महिने जमवलेले सगळे तुकडे, जुलैआधी इस्पितळात ठेवलेले धरून, कुजले होते. शुभदा परत आली तेव्हा तिनं दार उघडून एकेक नळी उजेडात धरून बघितली. शेवटच्या नळीपर्यंत. कशासाठी, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक माझ्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, अहवालात लिहा, विजेचा पुरवठा खंडित झाल्यामुळे."

"सर, वीज गेली नव्हती. माझी यादी..."

"यादी कुणी मागितलेली नाही. लाइट तर रोजच जाते या गावात. मुनियप्पाची दोन वर्षं राहिलीत. चौकशी लागली तर पेन्शन अडकेल त्याचं. तुम्हाला तेच हवंय का?"

मला ते नको होतं. मी टाइप केलं: विजेच्या खंडित पुरवठ्यामुळे. शुभदालाही तेच सांगितलं गेलं. यादी मी फाडली नाही. मी कागद फाडत नाही. दुसऱ्या फायलीत लावून ठेवली.

डिसेंबरात अक्का आल्या. चौकटीवर हात. "पोरीचं पान झालं का?"

"अजून काम चालू आहे, अक्का."

"सरी. पुढच्या महिन्यात येते."

पुढच्या महिन्यात आल्या. त्याच्या पुढच्याही. प्राध्यापकांनी शुभदाला बजावून ठेवलं होतं, देणगीदारांना काही सांगायचं नाही, पुरस्कारच काढून घेतील. ती अक्कांना टाळायला लागली. व्हरांड्यातून येताना दुसऱ्या जिन्यानं. अक्कांना ते दिसत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "माझं काही चुकलं का हो, मॅडम? फार मागे लागते का मी?"

मी म्हणाले, "नाही हो, अक्का. मुलं कामात असतात." माझ्या वहीत कलम सातच्या पुढे मी दर महिन्याला 'प्रलंबित' लिहीत होते. नीटनेटक्या अक्षरात.

शुभदानं पुन्हा तुकडे जमवायला घेतले, पण पहिल्यासारखं जमेना. तीन वर्षांतली दीड गेली होती. अठ्ठ्याण्णवच्या शेवटी तिनं सोडलं. तेव्हा सहा महिन्यांचा कोर्स करून कुणीही कॉम्प्युटरवर बसत होतं. तिला व्हाइटफील्डला नोकरी मिळाली, दोन हजार साल येणार म्हणून जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करण्याची. निरोप घ्यायला आली तेव्हा मी तिला ना-देय प्रमाणपत्र दिलं. ग्रंथालय, वसतिगृह, प्रयोगशाळा. सगळीकडे सह्या झाल्या होत्या.

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये अक्का बसमधून उतरताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्या वयात ते जुळत नाही, नुसतं पडून राहायचं. मी रविवारी जाऊ लागले. खालची लसणाच्या व्यापाऱ्याची बायको त्यांचं सगळं करत होती. तिसऱ्या रविवारी मी ठरवून गेले की आज सांगायचं. ती यादी घडी घालून पर्समध्ये घेतली होती.

अक्काच आधी बोलल्या. "शुभदा आलती."

"कधी?"

"मंगळवारी. कंपनीच्या गाडीतनं. रडली पोरगी. सगळं सांगितलं बघ. लाइट गेली, फ्रीज बंद पडला, सगळं वितळलं." त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "मला का नाही सांगितलंस गं?"

तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा अगं-तुगं केलं.

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"मला? चौतीस वर्षं मी दुसरं काय वाचत आले? ते गेले, ती गेली, पोर गेलं." त्यांना खोकला आला. "खरं हे लिहायला काय झालं होतं? तुकडे वितळले, उपयोग झाला नाही, माफ करा. हेही पानच की. आमची माणसं तुकडा वाया गेला म्हणून रागवत नाहीत. कळवलं नाही म्हणून रागवतात."

मी पर्सच्या चेनवर बोट ठेवलं.

"आणि लाइट गेली, त्याला कोण काय करणार? तुझा काय दोष, पोरीचा काय दोष?"

हीच जागा होती. पर्स माझ्या मांडीवर होती.

मी म्हणाले, "पाणी देऊ का, अक्का?"

त्यांनी दोन घोट घेतले. मग उशीखालची लांब वही माझ्या हातात दिली. पडल्या पडल्या त्यांनी गावोगाव निरोप धाडून ती पुरी केली होती. कोण आहे, कोण गेलं, पत्र वाचून दाखवणारं घरात कोण आहे. अर्ध्याहून जास्त नावांपुढे तांबडं टिंब होतं.

"तू लिही. तू काही विसरत नाहीस. टिंब आहे त्यांना 'आपण बरे असाल' घालू नको. घरच्यांच्या नावानं लिही. आणि लांबण लावू नको. एकच पान."

"लिहिते," मी म्हणाले.

"वाचून दाखव मला, टपालात टाकायच्या आधी."

पुढचे रविवार मी गेले ते फळं घेऊन. दर वेळी म्हणाले, लिहिते आहे. त्या एकदाही रागावल्या नाहीत. शेवटी शेवटी विचारायच्याही नाहीत, माझ्या हाताकडे बघायच्या फक्त, कागद आणलाय का ते. मे महिन्यात छातीत कफ भरून त्या गेल्या. हरिश्चंद्र घाटावर आम्ही सहा माणसं होतो. त्यांत शुभदा होती, मुनियप्पा होता. प्राध्यापक परदेशी होते.

जूनच्या सभेत कलम सात वगळण्यात आलं. देणगीदार हयात नाहीत, आणि अट व्यवहार्य नाही. एकमतानं. ते इतिवृत्त मीच लिहिलं आणि ते कायमही झालं. पुरस्कार चालू आहे. या वर्षीचा मुलगा बाहेरून मागवलेल्या पेशींवर काम करतो. कुणाला काही विचारावं लागत नाही.

आज डिसेंबर आहे. मुनियप्पा ऑगस्टमध्ये निवृत्त झाला आणि त्याचं पेन्शन पहिल्याच महिन्यात सुरू झालं. कागद मीच पुढे रेटले. त्यामुळे तीही सबब आता उरलेली नाही.

वहीतल्या सगळ्या नावांची पाकिटं मी केली आहेत. पत्ते हातानं घातले, तिकिटं लावली, टिंब असलेली वेगळी बांधली. पानाच्या तीन ओळी झाल्या आहेत. पहिलीत नमस्कार. दुसरीत, आपण अक्कांच्या सांगण्यावरून दिलेला तुकडा आमच्याकडे जपून ठेवला होता. तिसरीत, तो आता राहिलेला नाही, त्याचा संशोधनाला उपयोग होऊ शकला नाही. चौथ्या ओळीत कारण यायला हवं. 'वीज गेल्यामुळे' हे शब्द हात आपोआप लिहायला घेतो, कारण ते एकदा लिहून झालेले आहेत. मी ते खोडते, कागद बदलते, पुन्हा तीन ओळी उतरवते.

चौथी ओळ लिहायची राहिली आहे.